राणीच्या नावाचा कागद

गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली होती. तिला चिनी मालिकांचे वेड आहे. दुपारची जेवणे झाली की ती ओसरीवर मोबाइल घेऊन बसे आणि ऊन उतरेपर्यंत हलत नसे. पडद्यावर लाल खांबांचे महाल, रेशमी झगे, केसांत सोन्याचे काटे आणि एकमेकींवर पाळत ठेवणाऱ्या पन्नास राण्या. एकदा मध्येच मान वर करून तिने विचारले, "आजोबा, आपल्याकडच्या राण्यापण अशाच राहायच्या का?"

मी सवयीने म्हणालो, "छे, आपल्याकडे तसं काही नव्हतं."

"मग कसं होतं?"

या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला मी माणूस. लढायांचे सन, तहांची कलमे, किल्ल्यांची नावे अजून झोपेतही सांगेन. पण राण्यांच्या बाबतीत आमची मजल नावांच्या यादीपलीकडे कधी गेली नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून वर्गातही तो विषय निघत नसे.

त्या मालिकांतली भरजरी सजावट बाजूला ठेवली, तर चीनच्या दरबाराची मूळ हकिकत विचार करायला लावणारी आहे. तांग घराण्याच्या काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, राणीवशाची रीतसर उतरंड ठरलेली होती. सम्राज्ञी एक. तिच्या खाली ४, त्याखाली ९, मग २७ आणि मग ८१. प्रत्येक पायरीला वेगळा दर्जा, वेगळे नाव. या उतरंडीच्या खालच्या पायरीवर वू नावाची एक मुलगी चौदाव्या वर्षी दाखल झाली. सम्राट इ. स. ६४९ मध्ये वारला तेव्हा रिवाजाप्रमाणे तिची रवानगी बौद्ध भिक्षुणींच्या मठात झाली. पुढच्या सम्राटाने तिला परत आणले. ६५५ मध्ये ती सम्राज्ञी झाली आणि ६९० मध्ये स्वतःच्या नावाने गादीवर बसली. चीनच्या साऱ्या इतिहासात असे करणारी ती एकटीच. तिच्या थडग्यासमोर उभी केलेली प्रचंड शिळा मात्र मूळची कोरी होती. तिच्यावर एक अक्षरही कोरलेले नव्हते.

त्याही आधी, उत्तर वेई घराण्यात, एक भयंकर चाल होती. ज्या राणीचा मुलगा युवराज ठरे, तिला मारून टाकत. का, तर उद्या मुलगा गादीवर आला की त्याची आई आणि आईच्या माहेरचे लोक राज्यात लुडबूड करतील! मुलाचे भाग्य उजळले की आईचे आयुष्य संपले. त्या दरबाराला राणीच्या माहेराची इतकी भीती वाटत होती.

आपल्याकडे उलटे होते. इथे राणीच्या माहेराची गरज होती. आणि हे समजून घ्यायला रायगडापर्यंत जायचे कारण नाही. आमचे गाव बारामती तालुक्यात, नीरेच्या काठी. पुलापलीकडे फलटण, पूर्वेला इंदापूर, वायव्येला जिराईत टापूतले सुपे. एसटीने दिवसभरात फिरून संध्याकाळी घरी यावे एवढासा हा मुलूख. भोसल्यांच्या राणीवशाचा इतिहास निम्माअधिक याच मुलखात सुरू होतो.

इंदापुरापासूनच पाहू. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. तिथली गढी अजून त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. नवरा गेला तेव्हा शहाजी आणि शरीफजी ही दोन मुले लहान होती. जहागीर मुलांच्या नावे चालू राहिली आणि कारभार दीर विठोजींनी पाहिला. शहाजीराजांचा पराक्रम आपण वाचतो, तेव्हा ही नीरेपलीकडची विधवा आई आपल्याला आठवत नाही.

एका पिढीनंतर पुन्हा फलटण. शिवरायांच्या पहिल्या पत्नी सईबाई त्याच निंबाळकरांच्या घरातल्या. संभाजीराजांना जन्म देऊन दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, त्या राजगडावर वारल्या. प्रतापगडाचा प्रसंग त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी घडला. आणि सईबाईंची लेक सखूबाई सून म्हणून गेली ती परत फलटणलाच, मामाच्या घरी. एका घराने लेक द्यायची, दुसऱ्याने पुढच्या पिढीत परत द्यायची. लेकी नदी ओलांडत राहिल्या आणि दोन घराण्यांची गाठ पक्की होत गेली. आपण ज्याला सोयरीक म्हणतो, तो राजघराण्यात तहच असे. फरक एवढाच, की तहाचा कागद दफ्तरात बांधून ठेवता येतो आणि सोयरिकीत एक जिवंत मुलगी परक्या वाड्यात राहायला जाते.

तह मोडला की तिचे काय व्हायचे? जिजाऊसाहेबांचे आयुष्य पाहा. त्या सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या कन्या. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले आणि लखुजी होते मोगलांच्या बाजूला. जो कोणी जिंकेल त्यात या बाईचे अर्धे घर हरणार होते. पाच वर्षांनी निजामशाहीच्या दरबारातच लखुजींचा खून झाला. पुढे शहाजीराजे बंगळूरला स्थिरावले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई तिकडे, आणि जिजाऊ शिवबाला घेऊन पुण्याच्या जहागिरीत. आपण या मातेला वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्या संसाराविषयी आपण किती बोलतो?

या तुकाबाई मोहित्यांच्या. त्यांचे भाऊ संभाजी मोहिते सुप्याचा कारभार पाहत. म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले सुपे शिवरायांच्या सावत्र मामाच्या ताब्यात होते. १६५६ साली शिवरायांनी ते घेतले. सभासदाच्या बखरीत त्यासाठी शिमग्याचे पोस्त मागायला जाण्याचा बहाणा सांगितला आहे. मामाला पकडून त्यांनी कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवून दिले. आम्ही ही हकिकत वर्गात रंगवून सांगत असू आणि मुले खूश होत. तिकडे बंगळूरच्या वाड्यात, सावत्र मुलाने भावाचे ठाणे काढून घेतल्याची बातमी तुकाबाईंनी कशी ऐकली असेल, हा विचार ना कधी माझ्या मनात आला, ना मुलांच्या.

याच संभाजी मोहित्यांच्या कन्या सोयराबाई शिवरायांच्या राणी. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकाच्या वेळी पट्टराणी म्हणून त्याच शेजारी बसल्या. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. त्यानंतर काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवले. सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते सरनोबत होते. त्यांनी भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची घेतली आणि पारडे फिरले. पुढच्याच वर्षी सोयराबाईंचा दुर्दैवी अंत झाला.

आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी सोयराबाईंना कारस्थानी सवत ठरवून टाकले आहे. त्यांनी जे केले ते सगळे रास्त होते, असे मला म्हणायचे नाही. हंबीररावांनी राज्याचे हित पाहिले, हेही खरे. पण कालपर्यंतच्या पट्टराणीच्या हाती त्या क्षणी काय उरले होते, ते तर पाहायला हवे. नवरा गेलेला. माहेर विरुद्ध बाजूला. स्वतःच्या हक्काचा मुलूख नाही, फौज नाही. होता तो दहा वर्षांचा मुलगा. गादीवर बसणाऱ्या मुलाची आई म्हणून मान, नाही तर काही नाही, अशीच व्यवस्था असेल तर बाई मुलाला गादीवर बसवण्यासाठी धडपडणारच. चिनी मालिकेतल्या राण्या दुसरे काय करतात? आपण डाव खेळणारीला दोष देतो. पट कोणी मांडला, ते मात्र विचारत नाही.

मोहित्यांच्या घरातली तिसरी लेक म्हणजे हंबीररावांच्या कन्या ताराबाई. राजाराम महाराज १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पुढची सात वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या फौजांशी झुंज दिली, ती आपल्या मुलाच्या नावाने. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षाने त्यांना पन्हाळ्यावर कैदेत टाकले. कर्तृत्वात त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण गादीवर बसवलेला मुलगा बाजूला झाला की आईची सत्ताही गेली. तुकाबाई, सोयराबाई, ताराबाई. आत्या, भाची आणि पुन्हा भाची. एकाच घरातल्या तीन पिढ्या, आणि तिघींच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर.

खुद्द बारामतीतही असा एक वाडा आहे. कऱ्हेच्या काठचा बाबूजी नाईकांचा वाडा आपल्याला मोरोपंतांमुळे ठाऊक असतो, कारण नाईकांनी या कवीला आश्रय दिला. बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांच्या पत्नी भिऊबाई या बाळाजी विश्वनाथांच्या लेक, पहिल्या बाजीरावांच्या बहीण. पेशवे काही राजे नव्हेत, पण लेक द्यायची रीत तीच. सावकाराच्या घराशी सोयरीक झाली, आणि बाजीरावांच्या मोहिमांना बाबूजींचे कर्जही मिळाले. मग त्या कर्जाचा तगादा सुरू झाला. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवेपदासाठी नानासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले ते हेच बाबूजी. भिऊबाईंचा भाचा एकीकडे, दीर दुसरीकडे. त्या वाड्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. आत राहिलेल्या त्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, हा प्रश्न मला सत्तरी ओलांडल्यावर पडला, तोही नातीमुळे.

सगळे चित्र काळेच होते, असे मात्र नाही. दोन उजळ गोष्टी सांगितल्या पाहिजेत. संभाजीराजांनी पत्नी येसूबाई यांना कारभारासाठी 'श्री सखी राज्ञी जयति' असा शिक्का दिला होता. राणीच्या हाती तिचा स्वतःचा शिक्का! १६८९ मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर रायगडाला वेढा पडला. तेव्हा येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हट्ट धरला नाही. दीर राजारामांना पुढे करून गडाबाहेर पाठवले आणि राज्य वाचवले. स्वतः लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या त्या ३० वर्षांनी, १७१९ मध्ये परतल्या. माणसावर विश्वास टाकला की ते माणूस केवढे होते, याचे हे उदाहरण.

दुसरी गोष्ट दीपाबाईंची. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या त्या पत्नी. १६७७ मध्ये शिवराय दक्षिणेत गेले तेव्हा वडिलार्जित वाट्यावरून या सावत्र भावांत जुंपली. आमच्याकडे बांधावरून जुंपते तशीच, फक्त बांध मोठा होता. त्या वेळी दीपाबाईंनी नवऱ्याची समजूत घातली आणि समेट घडवून आणला. बखरीतून आलेल्या त्या तहाच्या कलमांत असे दिसते, की बंगळूर आणि आसपासचा मुलूख शिवरायांनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला, आणि पुढे तो मुलींच्या वंशात चालावा असेही त्यात म्हटले. चोळी-बांगडी हा शब्द आपण किती किरकोळ करून टाकला आहे! भाऊबीजेला ब्लाउजपीस आणि पन्नासाची नोट. तिथे त्याचा अर्थ होता मुलूख, आणि तोही बाईच्या नावाने, लेकीकडे जाणारा.

हे वाचताना मला माझी थोरली बहीण आठवली, आणि खरे सांगतो, पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

अक्काला दिली ती इंदापूर तालुक्यात. वडील गेले १९९६ साली. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचेही नाव लागले. मग घरात नेहमीची कुजबुज सुरू झाली. "अक्काला काय कमी आहे?" "उगाच पुढे मुलांमुलांत भानगडी नकोत." एका सोमवारी मी तिला बोलावून घेतले. आईने पुरणपोळ्या केल्या. तालुक्याला जाऊन तिने हक्कसोडपत्रावर सही केली. मी तिला पैठणी घेतली. गाडीत बसवताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते भावाच्या मायेचे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि घरी आलो.

गेल्या उन्हाळ्यातच भाच्याच्या मुलाचे लग्न निघाले म्हणून इंदापूरला गेलो होतो. पत्रिकेवर कारखान्याच्या संचालकांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची नावे होती. नवरीचे आणि तिच्या आईचे नाव शोधावे लागले. मांडव सुना झाल्यावर मी अक्काजवळ बसलो. नातीचा प्रश्न, सुप्याचे मोहिते, दीपाबाई, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू मला पोटभर जेवू घातलंस. लुगडं घेतलंस. पण कागदात काय लिहिलंय, ते मात्र वाचून दाखवलं नाहीस."

मी म्हणालो, "मग तू तेव्हा विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर पुढच्या दिवाळीला तू न्यायला आला असतास का?"

सोयराबाई आणि अक्का यांच्यात साडेतीनशे वर्षांचे आणि राजवैभवाचे अंतर आहे. पण हे दोन्ही प्रश्न एकाच मातीतले आहेत. माहेर हवे, म्हणून हक्क मागायचा नाही. हक्क नाही, म्हणून माहेराच्या मर्जीवर राहायचे. या चक्रातून राणीही सुटली नाही आणि आमची अक्काही.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. त्या वेळचे मुख्यमंत्री आमच्या बारामतीचे, याचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो. पण ती दुरुस्ती तोवर लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ मध्ये केंद्राने सगळ्याच मुलींना हा हक्क दिला. कायदा झाला तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा निर्णयही राज्याने घेतला आहे. या सगळ्याचे स्वागतच आहे. पण कायदा देतो आणि हक्कसोडपत्र परत घेते, आणि या दोहोंच्या मध्ये पुरणपोळी असते, त्याला काय करायचे?

हक्कसोडपत्र बेकायदा नाही. एखादी बहीण खरोखर आनंदाने भावाला वाटा देते, तो तिचा अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की दिल्यासारखे होण्याआधी ते तिचे आहे, हे तिला कळले पाहिजे. म्हणून हे वाचणाऱ्या भावांना माझी एक विनंती आहे. बहिणीला सहीला बोलवाल तेव्हा कागद आधी घरी आणा. चार माणसांसमोर तो मोठ्याने वाचा. जमीन किती, तिचा वाटा किती, आजच्या भावाने त्याची किंमत किती, ते आकड्यात सांगा. मग तिला महिनाभर विचार करू द्या. आणि ती नाही म्हणाली, तरी दिवाळीला तिला आणायला जा. तिची सही खुशीची होती की नाही, हे त्या दिवाळीलाच कळेल.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. अक्काच्या वाट्याइतकी जमीन तिच्या नावे करण्याचे कागद करायला टाकले आहेत. घरात थोडी धुसफूस आहे. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. चालायचेच. मसुदा तयार झाल्यावर मी अक्काला फोन करून तो सबंध वाचून दाखवला. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, सगळे. मधेच ती म्हणाली, "जरा थांब, चष्मा घेते."

"चष्मा कशाला? मी वाचतोय ना?"

"नको," अक्का म्हणाली. "मला लिहून घ्यायचंय."